एकशे अडतीस पौंड

गुरुवारी दुपारी सरावाला गेलो तेव्हा गाडी वळत नव्हती.

ट्रीना तिसऱ्या वळणात शिरायची, स्टिअरिंग डावीकडे फिरवायची, आणि गाडी तिचं न ऐकता वर भिंतीकडे सरकत जायची. मी कुंपणाशी उभा होतो. बघायचीही गरज नव्हती, आवाजावरून कळत होतं. जिथे पाय परत गॅसच्या पेडलवर पडायला हवा तिथे तिला थांबावं लागत होतं. गाडी कधी वळते याची वाट बघत बसावं लागत होतं. शर्यतीत एवढी वाट बघणारी गाडी शेवटची येते, नाहीतर भिंतीला लागते.

दहा-बारा फेऱ्या मारून ती आत आली आणि हेल्मेट काढलं. तोंड लाल झालं होतं.

"माझंच चुकतंय का, काका?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? पण बहुतेक नाही."

"वा. फार धीर आला."

ट्रीना माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी. एकतीस वर्षांची आहे. कोंबड्यांच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवते. गेली दोन वर्षं ती छोट्या गाड्यांच्या शर्यतीत होती. तिथे लोक एकमेकांना धडका मारायलाच येतात आणि हसत घरी जातात. मोठ्या गाड्यांमध्ये ही तिची पहिलीच शर्यत. शनिवारी होती, हंगामातली शेवटची. ऑक्टोबर संपत आला की संध्याकाळी कुणी थंडीत बाकांवर बसत नाही, म्हणून शेवटची शर्यत आमच्याकडे दुपारी असते.

गाडी लोरीनाची. लोरीना म्हणजे माझी बायको. तिने एकोणीस वर्षं गाड्या चालवल्या, त्यातली शेवटची सात वर्षं हीच, एकाहत्तर नंबरची. ती चालवायची आणि मी गाडीखाली पडून नट-बोल्टचे पाने फिरवायचो. दोन सप्टेंबरला ती गेली. एप्रिलमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं कळलं होतं. ऑगस्टमध्ये तिची खाट पुढच्या खोलीत आणली. खिडकीतून गॅरेजचं दार दिसायचं. तिथून एकदा ती म्हणाली, "गाडी झाकून ठेवू नकोस. ट्रीनाला एक शर्यत दे. या वर्षीच. पुढच्या वर्षी देतो म्हणालास तर तू देणार नाहीस." मी बरं म्हणालो. त्या दिवसांत ती म्हणेल त्याला मी बरं म्हणत होतो. पण हे बरं तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

त्यामुळे शनिवारी ट्रीनाने शर्यतीत उतरणं एवढं एकच काम माझ्यापुढे उरलं होतं. ते करायचं आणि मग झोपायचं, असं मी ठरवलं होतं. तशी रोज झोप लागत होती. उठल्यावर थकवा तिथेच असायचा. दफनाच्या वेळी लोकांनी जेवण आणलं होतं, त्यांची अकरा भांडी धुऊन टेबलावर ठेवली होती. प्रत्येकाच्या तळाला पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. परत द्यायची म्हणजे अकरा दारांत उभं राहून बोलायचं. मी टेबलाच्या कोपऱ्यावर जेवत होतो.

शुक्रवारी दिवसभर मी गाडीखाली होतो. पुढच्या टायरची हवा कमी केली. उजवीकडची पुढची स्प्रिंग बदलून मऊ घातली. मग गाडी वजनाच्या चार काट्यांवर चढवली, प्रत्येक चाकाखाली एक. आमच्याकडे फक्त डावीकडे वळायचं असतं, म्हणून गाडी डाव्या अंगाला जड ठेवतात. डावी बाजू जड असेल तितकी गाडी वळणात चांगली बसते. पण त्याला हद्द आहे. ड्रायव्हर आत बसल्यावर डाव्या बाजूला अठ्ठावन्न टक्क्यांच्या वर वजन चालत नाही. आणि चार चाकांवर ते कसं वाटलं जातं यावर सगळं असतं. एका कोपऱ्यावर वीस पौंड इकडचे तिकडे झाले तर गाडी दुसरीच होते.

काट्यावर सत्तावन्न पॉइंट आठ आलं. प्रत्येक चाकाचा आकडा लोरीनाने लिहून ठेवलेल्या कागदाशी जुळत होता. तो कागद हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. मला बरं वाटलं. एवढं तरी बरोबर होतं.

इथे पिशव्यांचं सांगायला हवं.

वजन करताना आत ड्रायव्हर बसलेला लागतो. लोरीना बसायची. हेल्मेट घालून, हातात शब्दकोड्याचं पुस्तक घेऊन. हलायचं नाही एवढंच काम. मे महिन्यात तिला आत चढणं जमेना. तेव्हा तिने माझ्या जुन्या जीन्स कापल्या आणि सहा पिशव्या शिवल्या. मी त्यात शिशाचे छर्रे भरले, प्रत्येकीत तेवीस पौंड. सगळे मिळून एकशे अडतीस. ते तिचं वजन होतं, आजाराच्या आधीचं. ती तेव्हा एकशे दहावर आली होती. मी म्हणालो, "एवढ्या कशाला?" ती म्हणाली, "मी परत तेवढी होणार आहे. गाडी तयार नको का?" सगळा उन्हाळा दर गुरुवारी मी त्या पिशव्या सीटवर ठेवून गाडी काट्यावर चढवत होतो. शर्यतीला जायचं नव्हतं तरी. ती खिडकीतून बघायची.

शनिवारी सकाळी गाडी ट्रेलरवर चढवली तेव्हा पिशव्या काढून माझ्या ट्रकच्या पुढच्या सीटवर ठेवल्या. रिकाम्या गॅरेजमध्ये त्या ठेवून जाणं मला जमलं नाही. ट्रक चालू केला तर सीटबेल्टची घंटी वाजायला लागली. त्या सीटला वाटलं कुणी बसलंय. मैलभर ऐकलं. मग रस्त्याच्या कडेला थांबलो आणि पिशव्यांना बेल्ट लावला.

ट्रीना आधीच येऊन उभी होती. तिचा नवरा तिला सोडून कामावर गेला होता.

नव्या ड्रायव्हरला आमच्याकडे वीस फेऱ्या मारून दाखवाव्या लागतात. भिंतीला लागायचं नाही, कुणाला लागायचं नाही, रेषा सोडायची नाही. जमलं तर गाडीच्या मागच्या बंपरवर पिवळी पट्टी लावतात, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की पुढे नवखा आहे. पट्टी मिळाली की शेवटच्या रांगेत जागा मिळते. नाही मिळाली तर गाडी परत ट्रेलरवर. हे बघायचं काम गार्नेटचं. गाड्या तपासायचं कामही त्याचंच. त्याला मी तीस वर्षं ओळखतो. लोरीनाची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत तो होता.

अकराच्या सरावात ट्रीनाने अकरा फेऱ्या नीट मारल्या. बाराव्या फेरीला गाडी सरकत वर गेली आणि उजवं मागचं अंग भिंतीला घासलं. फार नाही. हातभर पांढरा पट्टा उठला. पण गार्नेटने हात वर करून तिला आत बोलावलं.

शेजारी वेस्टरची गाडी लागली होती. वेस्टर आडवातिडवा माणूस आहे, पण मनाने वाईट नाही. तो टायरवर बसून सँडविच खात होता.

"काय गं ट्रीना, भिंत रंगवायचं कंत्राट घेतलंस?"

"तुझ्या गाडीवर रंग उरला नाही ना वेस्टर, म्हणून भिंतीला दिला."

"लोरीना कधी लागली नव्हती त्या भिंतीला."

"लागली होती," मी म्हणालो. "दोनदा. एकदा तर तुझ्यामुळेच."

वेस्टर परत सँडविच खायला लागला. ट्रीनाने हातमोजे काढले. तिने हात काखेत दाबून धरले.

गार्नेट आला आणि मला म्हणाला, "हॉइट, एक वाजता शेवटचा सराव आहे. तेव्हा हिला परत वीस फेऱ्या मारू देतो. पण तेवढंच. त्याआधी गाडी काट्यावर आण, म्हणजे तपासणी एकदाची उरकेल."

मी गाडी ढकलत तपासणीच्या शेडमध्ये नेली. ट्रीना आत बसूनच होती. गार्नेटच्या काट्यावर चारही चाकं चढली. तो आकड्यांकडे बघत राहिला.

"अठ्ठावन्न पॉइंट दोन."

"नाही," मी म्हणालो.

"दिसतंय ना तुला."

"घरी सत्तावन्न पॉइंट आठ होतं. काल. दोनदा बघितलं. तुझा काटा बघ."

"माझ्या काट्यावर सकाळपासून चौदा गाड्या गेल्या."

"मग काट्यात काहीतरी अडकलंय. शून्यावर आण परत."

गार्नेटने गाडी उतरवायला लावली, काटा शून्यावर आणला, परत चढवायला लावली. अठ्ठावन्न पॉइंट दोन. मी परत म्हणालो, तुझा काटा चुकतोय. माझा आवाज चढला होता. मागे उभी असलेली माणसं आमच्याकडे बघायला लागली.

गार्नेट हळू बोलला. "हॉइट, एवढ्या वर्षांत तू काट्याशी कधी भांडला नाहीस. वेस्टर भांडतो."

"ऐकू येतंय मला," वेस्टर बाहेरून म्हणाला.

तेवढ्यात गाडीच्या खिडकीच्या जाळीतून ट्रीनाचा आवाज आला.

"काका, घरी काट्यावर मी कधी बसले?"

मी आकड्यांवरून नजर काढून जाळीकडे बघितलं.

ती घरच्या काट्यावर बसलीच नव्हती. बुधवारी मी तिच्यासाठी सीट बदलली होती. जुनी तिला अरुंद पडत होती, म्हणून मोठी आणली. बेल्ट लांब केले. पेडल मागे घेतले. आरसा फिरवला. आणि जुन्या सीटवरच्या सहा पिशव्या उचलून माझ्याच हातांनी नव्या सीटवर ठेवल्या. शुक्रवारी त्या परत ठेवून वजन केलं आणि आकडे जुळले म्हणून मला बरं वाटलं.

"तुझं वजन किती?" मी विचारलं.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"ट्रीना."

"एकशे नव्वद!" ती ओरडली. "ऐकलं का सगळ्यांनी? एकशे नव्वद! वेस्टर, लिहून घे, तुला विसरायला होतं!"

लोक हसले. वेस्टरने टोपी काढून तिच्याकडे बघत हलवली. बावन्न पौंडांचा फरक होता, आणि तो जवळजवळ सगळा डाव्या अंगाला, त्यातही मागच्या चाकावर; त्या एका कोपऱ्यावर भार वाढला की गाडी वळायचं सोडून सरळ जाते. गाडी का वळत नव्हती ते मला कळलं. दोन दिवस ती पोरगी दुसऱ्याच कुणासाठी बसवलेली गाडी वळवत होती आणि स्वतःला दोष देत होती.

गार्नेट म्हणाला, "बारा वाजून दहा मिनिटं झालीत. शेडच्या त्या टोकाला जमीन सपाट आहे. तिथे कर. पण एक म्हणजे एक वाजता मी दार लावणार. तुझ्यासाठी पण."

मी माझे काटे आणायला ट्रकपाशी गेलो आणि तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. ट्रीना मागून आली. शर्यतीचा सूट तिने कमरेपर्यंत उतरवून बाह्या पोटावर बांधल्या होत्या.

"मला वजन विचारायला लाज वाटली होय तुम्हाला?" ती म्हणाली. "बाईमाणसाला कसं विचारायचं म्हणून?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. तिने माझ्यासाठी वाट करून दिली होती.

"नाही," मी म्हणालो. "पिशव्या ठेवल्या होत्या."

"कसल्या पिशव्या?"

मी ट्रकचं दार उघडून दाखवलं. ती बघत राहिली. सीटवर सहा निळ्या पिशव्या आणि त्यांच्यावरून सीटबेल्ट. वरच्या पिशवीला जीन्सचा मागचा खिसा तसाच होता. तिने त्यावर हात ठेवला. ही शिवण तिला माहीत होती, तिच्या घरच्या पडद्यांना लोरीनाने घातलेली तीच होती.

"मावशीचं वजन," ती म्हणाली.

"हो."

"आजारी पडायच्या आधीचं."

"हो."

तिने खिशावरचा हात काढला. मग म्हणाली, "म्हणजे मी वाईट चालवत नाही."

"नाही. मी वाईट बसवली."

"दोन रात्री मला झोप नाही, काका. मला वाटलं तिने चुकीच्या माणसाला गाडी दिली."

"माझं चुकलं."

"चुकलंच," ती म्हणाली आणि नाक पुसलं. "चला आता. पस्तीस मिनिटं राहिलीत. इथे उभं राहून ती काही हलकी होणार नाही. मीही नाही."

ती गाडीत जाऊन बसली. मी काटे लावले. झाकणाला चिकटवलेला लोरीनाचा कागद उपयोगाचा नव्हता. तो काढला, घडी करून खिशात ठेवला आणि खडूने जमिनीवर नवे आकडे लिहायला लागलो. गाडीच्या सांगाड्याच्या डाव्या दांडीला शिशाचे चौकोनी तुकडे बोल्टने बसवलेले असतात. त्यातला एक, पंचवीस पौंडांचा, सोडवला आणि उजव्या दांडीला नेऊन कसला. नियमाप्रमाणे तो पांढरा रंगवून त्यावर गाडीचा नंबर घालावा लागतो. तो एकाहत्तर लोरीनाने घातलेला होता, सात जरा वाकडा. शिसं त्याच गाडीत राहिलं, फक्त बाजू बदलली. मग शुक्रवारी काढलेली स्प्रिंग परत घातली, कारण ती आधी बरोबरच होती. त्यात पंधरा मिनिटं गेली. वेस्टर न बोलावता आला आणि जॅक धरून बसला.

"माझं काय नुकसान आहे," तो म्हणाला. "ही मागेच राहणार."

"जोरात ढकल, वेस्टर," ट्रीना आतून म्हणाली.

"तू हलू नकोस," मी म्हणालो. "आकडे हलतात."

"श्वास घेऊ का?"

"थोडा."

मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा बोल्ट अर्धा फेरा फिरवला, काटा बघितला, परत पाव फेरा. माझ्या हातांना जुना आकडा पाठ होता. ते तिथेच जाऊन थांबत होते आणि मला प्रत्येक वेळी त्यांना पुढे न्यावं लागत होतं. एकला पाच कमी असताना सत्तावन्न पॉइंट सहा आलं. गार्नेट मागे उभा होता. तो कधीपासून उभा होता मला माहीत नाही.

"बघायचंय का तुझ्या काट्यावर?" मी विचारलं.

"बघणार आहे," तो म्हणाला. "पण ती फिरून आल्यावर. जाऊ दे तिला."

या वेळी मी कुंपणाशी गेलो नाही. ट्रेलरच्या पायरीवर बसलो, कानाला रेडिओ लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिलो. पहिल्या दोन फेऱ्यांत ती घाबरतच वळणात शिरत होती. तिसऱ्या फेरीला पाय गॅसवर लवकर पडला. चौथ्या फेरीला आणखी लवकर. मग ती रेडिओवर एकच शब्द म्हणाली.

"वळतेय."

"हं," मी म्हणालो.

वीस झाल्या. गार्नेटने तिला गुपचूप आणखी दोन मारू दिल्या, मग काट्यावर घेतलं. सत्तावन्न पॉइंट सहा. त्याने खिशातून पिवळ्या पट्टीचं रीळ काढलं आणि स्वतः वाकून मागच्या बंपरवर लावली. टोक नीट बसलं नाही म्हणून अंगठ्याने दोनदा दाबलं.

"लोरीनाला मीच लावली होती," तो म्हणाला. "शिव्या दिल्या होत्या तिने मला. पिवळा रंग गाडीला शोभत नाही म्हणून."

"शोभत नाहीच," ट्रीना म्हणाली.

अडीच वाजता पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, राष्ट्रगीत झालं, आणि तेवीस गाड्या निघाल्या. एकाहत्तर सगळ्यात मागे होती. मी ट्रीनाचे खांद्यावरचे बेल्ट ओढून दिले होते. ओढताना लोरीनाच्या वेळची सवय म्हणून जास्त ओढले, ती ओरडली, मग सैल केले. शर्यत पंच्याहत्तर फेऱ्यांची. तिने कुणाला धडक दिली नाही. तिला दोघांनी दिली. ती सोळावी आली. वेस्टर सतरावा. हे ती त्याला पुढच्या वर्षापर्यंत ऐकवणार आहे.

गाडी ट्रेलरवर बांधून झाली तेव्हा ऊन अजून होतं. तिचा नवरा कामावरून सुटला नव्हता, म्हणून ती माझ्याबरोबर येणार होती. तिने ट्रकचं दार उघडलं आणि थांबली.

"मी कुठे बसू?"

मी बेल्ट काढला आणि पिशव्या एकेक करून मागच्या सीटवर ठेवायला लागलो. चार ठेवल्या. पाचवी उचलायला गेलो तर हात वर येईना. दिवसभराचा शीण एकदम आला. ट्रीनाने मला बाजूला केलं, आत बसली आणि राहिलेल्या दोन मांडीवर घेतल्या.

"जड आहे की मावशी," ती म्हणाली.

मी ट्रक चालू केला. घंटी वाजायला लागली.

"बेल्ट लाव," मी म्हणालो.

"थांबा हो," ती म्हणाली आणि पिशव्यांवरून बेल्ट ओढून घेतला. फाटकातून बाहेर पडल्यावर विचारलं, "पुढच्या वर्षी पहिली शर्यत कधी असते?"

"मार्चमध्ये."

"त्याच्या आधी मला काट्यावर बसवा."

मी बरं म्हणालो. मग म्हणालो की घरी थोडा वेळ थांब, अकरा भांडी आहेत, तुझ्या गल्लीतली तीन तरी घेऊन जा. ती म्हणाली, घेते, पण तुम्हीही बरोबर या.